कुत्रा पाळण्याचा खर्च कमी करताना: आधी काय, नंतर काय

ठाणे आणि नवी मुंबईत कुत्रा पाळणारी बरीच कुटुंबे महिन्याचा खर्च हाताबाहेर गेला की पहिली कात्री लसीकरणावर आणि गोचिडांच्या औषधावर चालवतात, कारण हे खर्च वर्षातून मोजक्याच वेळा येत असले तरी एकरकमी येतात आणि डोळ्यांत खुपतात. रोज भांड्यात मूठभर जास्त पडणारे खाद्य, चहाबरोबर दिली जाणारी बिस्किटे आणि पावसाळ्यात बुरशी लागून फेकावी लागणारी अर्धी गोणी यांचा हिशेब मात्र कोणी ठेवत नाही. पुढील टप्पे ज्या क्रमाने दिले आहेत त्याच क्रमाने करावेत. प्रतिबंधाचा खर्च आधी कायम करून मग बाकीचे खर्च कमी करायचे आहेत; हा क्रम उलटला तर वाचलेले पैसे दवाखान्याच्या बिलात जातात.

टप्पा १: कुत्रा अजून आणला नसेल, तर वजनाचा विचार करा

ज्यांच्या घरी कुत्रा आधीपासून आहे त्यांनी थेट दुसऱ्या टप्प्याकडे वळावे. जे अजून ठरवत आहेत त्यांच्या हाती खर्च कमी करण्याची सर्वांत मोठी संधी याच टप्प्यावर असते. खाद्य, जंतांचे औषध, गोचिडांची गोळी, भूल आणि कुत्र्यांच्या वसतिगृहाचे भाडे हे सारे बहुधा वजनावर ठरते. निर्बीजीकरण झालेल्या १० किलोच्या प्रौढ कुत्र्याला दिवसाला साधारण ६३० किलोकॅलरी लागतात, २० किलोच्या कुत्र्याला सुमारे १,०६० आणि ३० किलोच्या कुत्र्याला सुमारे १,४३५. हा फरक पुढे दहा-बारा वर्षे दररोज भरायचा असतो, याची कल्पना पिल्लू पाहताना येत नाही.

हवामानाचाही विचार करावा. हस्की किंवा सेंट बर्नार्डसारख्या दाट केसांच्या जाती घोडबंदर रस्त्यावरील बाराव्या मजल्यावरच्या सदनिकेत ठेवायच्या तर एप्रिल-मे महिन्यांचे वातानुकूलनाचे वीजबिल हाही कुत्र्याचाच खर्च असतो. पग, फ्रेंच बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या जातींना उकाड्यात श्वास घेणे जड जाते, शिवाय त्यांच्या त्वचेच्या घड्या दमट हवेत सतत चिघळतात. इथल्या हवेला सरावलेला देशी कुत्रा दत्तक घेणे हा माझ्या मते सर्वांत शहाणपणाचा पर्याय आहे, आणि वाढ पूर्ण झालेला कुत्रा घेतला तर त्याचे अंतिम वजन व स्वभाव दोन्ही आधीच कळतात.

सावधान: कुत्र्यांची पैदास व विक्री यांविषयीच्या २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही. पाच-सहा आठवड्यांचे पिल्लू स्वस्तात मिळते म्हणून घरी आणले, की आईच्या दुधातून मिळालेली प्रतिकारशक्ती ओसरत असताना आणि लसीकरण पूर्ण नसताना ते परव्हो या उलट्या-जुलाबाच्या विषाणूजन्य आजाराच्या तावडीत सापडण्याची भीती असते. त्या आजारात कित्येक दिवस सलाईन आणि दाखल करून उपचार करावे लागतात.

टप्पा २: हिशेब, वजन आणि कागद एकत्र करा

मागील तीन महिन्यांची बिले आणि मोबाइलवरून केलेल्या देयकांची यादी काढून प्रत्येक खर्च खाद्य, प्रतिबंध, उपचार आणि इतर या चारपैकी एका रकान्यात टाकावा. लसी, जंतांचे औषध, गोचिडांचे औषध आणि वार्षिक तपासणी हे प्रतिबंध होत. आजार झाल्यावरचे सारे काही उपचारात जाते. ही विभागणी केल्याशिवाय पुढे जाऊ नये, कारण ‘डॉक्टरांचा खर्च’ असा एकच आकडा मांडला, की लस आणि परव्होचे सलाईन एकाच तागडीत जाऊन बसतात.

त्यानंतर वजन करावे. त्यासाठी आधी स्वतः काट्यावर उभे राहावे, मग कुत्र्याला उचलून उभे राहावे आणि वजाबाकी करावी. मोठा कुत्रा उचलता येत नसेल तर दवाखान्यातील काट्यावर वजन करावे. अनेक ठिकाणी त्यासाठी पैसे घेत नाहीत. वजन दर महिन्याला लिहून ठेवावे.

शेवटी लसीकरणाच्या पुस्तिकेच्या प्रत्येक पानाचे छायाचित्र काढून घरातील दोघांच्या मोबाइलमध्ये ठेवावे. पुस्तिका हरवली की कोणती लस कधी दिली याचा पुरावा राहत नाही आणि डॉक्टरांना काही लसी पुन्हा द्याव्या लागतात.

तपासणी: बरगड्यांवरून हलका हात फिरवल्यावर त्या बोटांना जाणवल्या पाहिजेत आणि वरून पाहताना पोटाच्या मागे कंबर दिसली पाहिजे. बरगड्या शोधाव्या लागत असतील तर खाद्याच्या खर्चात काटछाटीला नक्की वाव आहे.

टप्पा ३: प्रतिबंधाचा खर्च कायम करा

या रकान्यातील कोणतीही गोष्ट वगळायची नाही. फक्त ती नेमक्या वेळी, नेमक्या मात्रेत आणि वाजवी दरात करायची आहे.

*लसी.* पिल्लाला सहा ते आठ आठवड्यांपासून दर तीन-चार आठवड्यांनी, वय सोळा आठवडे होईपर्यंत, डिस्टेंपर (हाही एक जीवघेणा विषाणूजन्य आजार), परव्हो आणि यकृताचा संसर्गजन्य आजार यांविरुद्धची एकत्रित लस द्यावी लागते. रेबीजची लस तीन महिन्यांच्या वयात सुरू होते. मधला एखादा डोस ‘पुढच्या महिन्यात पाहू’ म्हणून लांबवला की मालिका विस्कटते आणि कधी कधी एक डोस वाढतो. प्रौढ कुत्र्याबाबत मात्र डॉक्टरांना एक प्रश्न अवश्य विचारावा. लहान प्राण्यांच्या पशुवैद्यांच्या जागतिक संघटनेच्या शिफारशीनुसार डिस्टेंपर आणि परव्हो यांची लस, पिल्लूपणीची मालिका आणि त्यानंतरचा बूस्टर पूर्ण झाल्यावर, तीन वर्षांपेक्षा कमी अंतराने देण्याची गरज नसते. तेव्हा दरवर्षी एकत्रित लसच घ्यायची की काही वर्षी फक्त लेप्टो (उंदरांच्या लघवीतून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस) आणि रेबीज यांची लस पुरेल, हे उपलब्ध लसीच्या माहितीपत्रकानुसार डॉक्टरच ठरवू शकतील. लेप्टोची लस दरवर्षीच लागते, आणि आपल्याकडे पावसाळ्यात तुंबणारे पाणी व उंदीर पाहता ती पावसाच्या आधी, शक्यतो मे महिन्यात घ्यावी. कुत्रा पाळण्याच्या महापालिकेच्या परवान्यासाठी रेबीजच्या चालू लसीचे प्रमाणपत्र लागते, म्हणून तिची तारीख चुकवू नये.

सावधान: दुकानातून लसीची कुपी आणून घरी टोचण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. लस २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानातच ठेवावी लागते. दुकान ते घर या उन्हातल्या प्रवासात ती निकामी झाली तर बाहेरून काहीच कळत नाही. शिवाय डॉक्टरांची सही व शिक्का नसलेली लस परवान्यासाठी चालत नाही.

*गोचीड.* ठाण्या-मुंबईच्या दमट हवेत गोचिडांचा हंगाम संपतच नाही, त्यामुळे ‘हिवाळ्यात औषध नको’ हा हिशेब इथे लागू पडत नाही. घरात आढळणारा तपकिरी गोचीड आयुष्याचा बराच काळ कुत्र्याच्या अंगावर नसून भिंतीच्या भेगांत, दरवाजाच्या चौकटीमागे आणि गादीच्या शिवणीत घालवतो; तिथेच मादी हजारांच्या घरात अंडी घालते. म्हणून केवळ कुत्र्याला औषध देऊन घर तसेच सोडले, की तीन आठवड्यांत पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. औषध आणि घराची सफाई एकाच दिवशी करावी, भेगा बुजवाव्यात आणि अंथरूण गरम पाण्यात धुवावे.

औषधाची किंमत गोळीमागे न पाहता संरक्षणाच्या दिवसामागे काढावी. काही चघळण्याच्या गोळ्यांचा परिणाम महिनाभर टिकतो, काहींचा सुमारे बारा आठवडे. महाग दिसणारी गोळी दिवसाच्या हिशेबाने स्वस्त पडू शकते. कुत्र्याला कधी झटके आले असतील तर या गोळ्या देण्यापूर्वी ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे. मोठ्या कुत्र्याची गोळी आणून दोन लहान कुत्र्यांत तोडून देणे टाळावे, कारण औषध गोळीत सर्वत्र सारखे पसरलेले असेलच असे नाही. घरात मांजर असेल तर परमेथ्रिन हे कीटकनाशक असलेले कुत्र्यांचे गोचिडांचे औषध आणूच नये. ते मांजराला विषासारखे बाधते.

*जंत आणि निर्बीजीकरण.* प्रौढ कुत्र्याला जंतांचे औषध साधारण दर तीन महिन्यांनी, त्या दिवशीच्या वजनानुसार द्यावे. निर्बीजीकरण न केलेल्या मादीच्या गर्भाशयात पू होण्याचा आजार उतारवयात वारंवार आढळतो आणि त्याची तातडीची शस्त्रक्रिया ठरवून केलेल्या निर्बीजीकरणापेक्षा कितीतरी महाग व धोक्याची असते. महापालिकांची निर्बीजीकरण मोहीम भटक्या कुत्र्यांसाठी असते, पाळीव कुत्र्यांसाठी नव्हे. तिच्या भरवशावर थांबू नये.

टप्पा ४: खाद्याचे माप आणि भाव

सर्वांत जास्त बचत इथे होते, म्हणून या टप्प्याला वेळ द्यावा.

पहिले काम म्हणजे वाटी बाजूला ठेवून स्वयंपाकघरातील वजनकाटा वापरणे. त्याच वाटीत एकाच घरातील तीन माणसे तीन वेगवेगळी मापे भरतात, आणि ‘आई, मी दिलं होतं’ हे दुसऱ्यांदा भरून झाल्यावर कळते. दिवसाचे खाद्य सकाळीच वजन करून एका डब्यात काढावे. डबा रिकामा झाला की त्या दिवसाचे जेवण संपले.

दुसरे काम भावाची तुलना. ती किलोमागे करू नये, ऊर्जेमागे करावी. समजा, एक खाद्य ३०० रुपये किलो आहे आणि त्याच्या १०० ग्रॅममध्ये ३२० किलोकॅलरी आहेत. दुसरे ३४० रुपये किलो आहे आणि त्यात ३६० किलोकॅलरी आहेत. हजार किलोकॅलरींमागे पहिल्याचा खर्च सुमारे ९४ रुपये येतो आणि दुसऱ्याचाही सुमारे ९४ रुपयेच. म्हणजे किलोमागे दिसणारी चाळीस रुपयांची बचत खरी नसते. पहिले खाद्य १० किलोच्या कुत्र्याला दिवसाला १९७ ग्रॅम लागेल, दुसरे १७५ ग्रॅममध्ये भागेल.

पिशवीवर ऊर्जेचा आकडा नसेल तर तो काढता येतो. प्रथिने, स्निग्ध पदार्थ, तंतू, ओलावा आणि राख यांच्या टक्केवारीची बेरीज शंभरातून वजा केली की कर्बोदके मिळतात. राखेचा आकडा दिलेला नसेल तर ८ टक्के धरावा. मग प्रथिने आणि कर्बोदके यांना प्रत्येकी ३.५ ने व स्निग्ध पदार्थांना ८.५ ने गुणून बेरीज केली की १०० ग्रॅममधील किलोकॅलरी अंदाजे हाती येतात.

तिसरे काम पिशवीचा आकार ठरवण्याचे. मोठी गोणी किलोमागे स्वस्त असते हे खरे. पण उघडलेले कोरडे खाद्य साधारण चार ते सहा आठवड्यांत संपले पाहिजे आणि जून ते सप्टेंबर या काळात त्याआधीच संपलेले बरे. २० किलोचा कुत्रा दिवसाला सुमारे ३०० ग्रॅम खातो, त्यामुळे त्याची १० किलोची गोणी ३३ दिवसांत संपते. तिथे मोठी गोणी फायद्याची. १० किलोच्या कुत्र्याला तीच गोणी पन्नास दिवसांहून अधिक पुरते, आणि दमट हवेत त्यातील स्निग्धांश खवट होतो किंवा दाण्यांना बुरशी धरते. अशा घराने तीन किलोची पिशवी घ्यावी किंवा ओळखीच्या दुसऱ्या घराबरोबर मोठी गोणी वाटून घ्यावी. खाद्य मूळ पिशवीतच ठेवून ती पिशवी घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी, म्हणजे मुदतीची तारीखही हाताशी राहते.

सावधान: बुरशीचा वास येणारे खाद्य उन्हात वाळवून देऊ नये. बुरशीचे विष वाळवल्याने किंवा शिजवल्यानेही जात नाही आणि त्याचा पहिला मारा यकृतावर होतो.

आता घरच्या जेवणाविषयी. भात-चिकन किंवा दूध-पोळी यांवर कुत्रा पोसला की खर्च निम्म्यावर येतो असा समज आहे, पण त्या ताटात कॅल्शियम फार कमी असते आणि वाढीच्या वयातील पिल्लाची हाडे त्यामुळे मऊ पडून वाकतात. पूर्णपणे घरचे जेवण द्यायचे असेल तर कॅल्शियम व इतर पूरकांसह आहार पशुवैद्याकडून आखून घ्यावा. तो पुष्कळदा बाजारच्या खाद्याइतकाच महाग पडतो. त्यापेक्षा सोपा मार्ग असा, की ऊर्जेचा मोठा भाग संतुलित कोरड्या खाद्यातून द्यावा आणि उरलेला लहान भाग घरातून भागवावा. उकडलेले अंडे, बिनमिठाचा शिजवलेला लाल भोपळा, गाजर, थोडे ताक किंवा हाडे काढलेले उकडलेले चिकन यासाठी चालते. भाजी वाशीच्या घाऊक बाजारातून किंवा ठाण्याच्या जांभळी नाक्यावरून घरासाठी आणताना त्यातूनच हा वाटा निघतो. वेगळी खरेदी करावी लागत नाही.

घरासाठी फोडणी दिलेली भाजी-आमटी मात्र देऊ नये, कारण कांदा आणि लसूण कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी नष्ट करतात. द्राक्षे, मनुका, चॉकलेट आणि झायलिटॉल असलेले बिनसाखरेचे पदार्थही वर्ज्य. शिजवलेली हाडे तुटून टोकदार होतात आणि आतड्यात अडकली तर शस्त्रक्रियेशिवाय गत्यंतर नसते.

खाऊ दिवसाच्या ऊर्जेच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवावा. एका मारी बिस्किटात साधारण २५ किलोकॅलरी असतात. घरातील प्रत्येकाच्या चहाबरोबर एकेक करत सहा बिस्किटे गेली, तर १० किलोच्या कुत्र्याच्या दिवसाच्या गरजेचा जवळजवळ चौथा हिस्सा तिथेच संपतो. शिकवताना बक्षीस म्हणून त्याच्याच डब्यातील चार दाणे बहुतेक कुत्र्यांना पुरतात.

तपासणी: खाद्याचा प्रकार बदलताना सात ते दहा दिवसांत जुने कमी करत नवे वाढवावे. एका दिवसात बदल केला आणि जुलाब लागले, तर वाचलेले पैसे औषधांत जातात. चार आठवड्यांनी पुन्हा वजन करून माप कमी-जास्त करावे.

टप्पा ५: दवाखाना आणि औषधे

जवळचा एक पशुवैद्य कायमचा धरावा. दर वेळी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेल्यास तपासण्या पुन्हा कराव्या लागतात. राज्याच्या पशुसंवर्धन विभागाच्या दवाखान्यांत सेवाशुल्क नाममात्र असते; तिथे जाण्यापूर्वी वेळ आणि लसीचा साठा फोनवर विचारावा. परळ येथील मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय ही दोन्ही ठिकाणे अवघड शस्त्रक्रिया किंवा विशेष तपासणीसाठी उपयोगी आहेत, पण केवळ एका लसीसाठी नेरूळहून टॅक्सी करून तिथे गेल्यास जाण्या-येण्याचे भाडेच लसीच्या वर जाते.

डॉक्टरांना औषधाचे घटकनाम लिहून देण्याची विनंती करावी. डॉक्सिसायक्लिनसारखी काही औषधे माणसांच्या औषधांच्या दुकानात आणि जनऔषधी केंद्रातही मिळतात आणि तिथे ती बरीच स्वस्त असू शकतात. मात्रा मात्र पशुवैद्याचीच असली पाहिजे. तपासण्या लिहून दिल्या असतील, तर ‘आज कोणती केलीच पाहिजे आणि कोणती आधीच्या निकालावर अवलंबून आहे’ असे विचारण्यात काहीच गैर नाही.

सावधान: स्वतःच्या मनाने पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन देऊ नये. गोचीडतापाचा एर्लिकिया हा प्रकार असेल तर औषध बहुधा २८ दिवस चालते. पाचव्या दिवशी कुत्रा जेवू लागला म्हणून ते थांबवले, तर आजार दबून राहतो आणि पुन्हा उलटतो.

टप्पा ६: आंघोळ, केस, नखे

आंघोळ तीन-चार आठवड्यांतून एकदा पुरे. ती घरी घालावी आणि पावसाळ्यात पंजांच्या बेचक्यांपर्यंत कोरडे करावे. माणसांचा शॅम्पू आणि माणसांची टूथपेस्ट वापरू नये. रोज पाच मिनिटे विंचरल्यास केसांच्या गाठी होत नाहीत आणि पार्लरच्या फेऱ्या कमी होतात. दुहेरी केसांच्या (वर राठ आणि आत मऊ असे दोन थर असलेल्या) जातीचे केस उन्हाळ्यात मुळापासून भादरू नयेत. नखे कापणे एकदा दवाखान्यात नीट पाहून शिकून घ्यावे. कपडे, वाढदिवसाचे केक आणि सुगंधी फवारे यांविषयी लिहिण्यासारखे काही नाही. त्यांची कुत्र्याला गरज नसते.

टप्पा ७: परवाना आणि सोसायटी

आपण कोणत्या महापालिकेच्या हद्दीत राहतो हे आधी पाहावे, कारण इथेच हेलपाटे होतात. दिघा-ऐरोलीपासून बेलापूरपर्यंतचा पट्टा नवी मुंबई महापालिकेचा. खारघर, कामोठे, कळंबोली आणि पनवेल हे २०१६ मध्ये स्थापन झालेल्या पनवेल महापालिकेत येतात. कळवा, मुंब्रा, दिवा ठाणे महापालिकेत. परवान्याची मुदत आणि नूतनीकरणाची तारीख रेबीजच्या लसीच्या तारखेशेजारी लिहून ठेवावी, म्हणजे दोन्ही कामे एका फेरीत होतात.

सोसायटी लिफ्टसाठी वेगळे पैसे मागत असेल, तर ते भरण्यापूर्वी भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना समितीला लेखी कळवाव्यात. त्यांनुसार असे शुल्क आकारू नये. विष्ठा स्वतः उचलणारा रहिवासी हे पत्र जास्त ठामपणे देऊ शकतो, हेही खरे.

टप्पा ८: राखीव रक्कम आणि विमा

खाद्य आणि इतर खर्चांतून वाचलेली रक्कम त्याच महिन्यात वेगळ्या आवर्ती ठेवीत टाकावी, नाहीतर ती घरखर्चात विरून जाते. रक्कम किती असावी हे ठरवण्यासाठी आपल्या डॉक्टरांना पोटाच्या एका तातडीच्या शस्त्रक्रियेचा आणि तीन दिवस दाखल ठेवण्याचा अंदाज विचारावा आणि तेवढे उद्दिष्ट ठेवावे.

विमा घ्यायचा असेल तर हप्त्याआधी अटी वाचाव्यात: वयाची मर्यादा, सुरुवातीचा प्रतीक्षा काळ, आधीपासूनचे आजार आणि लसीने टळू शकणाऱ्या आजारांबाबतची अट. लसपुस्तिकेत खंड असेल तर दावा नाकारला जाण्याची शक्यता असते, आणि म्हणूनच तिसरा टप्पा आधी पूर्ण करावा लागतो.

टप्पा ९: गावी जाताना

गणपतीत कोकणात जाणारी घरे एकाच आठवड्यात बाहेर पडतात, तेव्हा वसतिगृहाची जागा दोन महिने आधी न ठरवल्यास मिळेल त्या दराने घ्यावी लागते. त्यापूर्वी सोसायटीतील दुसऱ्या एखाद्या श्वानपालक कुटुंबाशी अदलाबदल ठरते का ते पाहावे: त्यांच्या दिवाळीत आपण, आपल्या गणपतीत त्यांनी. आधी एका रात्रीची चाचणी घ्यावी आणि दोन्ही कुत्र्यांच्या लसी व गोचिडांचे औषध चालू असल्याची खात्री करावी.

कुत्र्याला रेल्वेने नेणार असाल तर वातानुकूलित प्रथम श्रेणीत पूर्ण कूपे किंवा केबिन आपल्या नावावर असल्याशिवाय त्याला सोबत ठेवता येत नाही. अन्यथा गार्डच्या डब्यातील पेटीसाठी पार्सल कार्यालयात नोंदणी करावी लागते. टू-टायर आणि थ्री-टायर वातानुकूलित डब्यांत परवानगी नसते. नोंदणी न करता नेल्यास नेहमीच्या भाड्याच्या कित्येक पट दंड बसतो, म्हणून तिकीट काढण्यापूर्वीच ही चौकशी करावी आणि रेबीजच्या लसीचे प्रमाणपत्र मूळ प्रतीत सोबत ठेवावे.